शून्याचा स्क्रू मी फिरवला

अंबादास, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी कपाट उघडलं आणि ती पेटी बाहेर काढली. आधी तुझ्या बायकोला, सरोजाला, फोन करायला हवा होता, तुझ्या घराकडे निघायला हवं होतं. पण हात पेटीकडेच गेला. धूळ पुसली, वायर लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा लगेच लागला, इतक्या वर्षांनी, एकदाही न लुकलुकता. सगळं ठीक आहे असं सांगणाऱ्या त्या दिव्याकडे बघत मी खुर्चीत बसून राहिलो. गालावरचा साबण वाळून तडकायला लागला तेव्हा उठलो.

तुझ्या अंत्ययात्रेत मी सगळ्यांत मागे होतो. "सर, तुमी त्याचे गुरू. म्होरं या की," असं कुणी ना कुणी वळून म्हणत होतं. मी मागेच राहिलो. दहाव्याला मांडवाच्या कडेला बसलो होतो, तेव्हा शेजारचे दोघे बोलत होते. "माणूस देव होता बघ. पण सख्ख्या भावाचा जीव गेला की त्याच्या हातनं." हळू आवाजात, वाईट वाटून, सवयीनं म्हणाले ते. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला, पण बोललो नाही. तिथेही बोललो नाही, अंबादास. म्हणून हे लिहितो आहे.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण हे इतरही वाचणार आहेत. तू माझ्या प्रयोगशाळेत सहायक होतास आणि आपण दोघे मिळून काचेला नाक बसवत होतो. नखाएवढी काच, तिच्यावर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर, त्या थरावर तांब्याच्या ऑक्साइडचे ठिपके. सगळं इतकं बारीक की साध्या डोळ्यांना काचेवर नुसती निळसर झाक दिसायची. सडक्या अंड्यासारखा वास येणारा गंधकाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, तिच्यापाशी आला की तांब्याचे ठिपके रूप बदलायचे, थरातून वीज जास्त वाहू लागायची, आणि तेवढा फरक पकडून भोंगा वाजायचा. स्वच्छ हवेत तापवलं की ठिपके पुन्हा मूळ रूपात यायचे. माणसाचं नाक या वायूला फसतं. वायू वाढला की वास येणंच बंद होतं. आपली काच फसू नये, एवढ्यासाठी आपली सगळी धडपड होती.

थर फवारायचा तुझा हात मला कधीच जमला नाही. मी घड्याळ लावून, थेंब मोजून बसायचो. तू तापलेल्या काचेवर फवारा धरायचास आणि रंग बघून थांबायचास. "चढला की सर रंग. बास." रंगाऱ्याच्या घरातला तू. किती जाड थर झाला हे तुला झाकेवरून कळायचं. परदेशी पत्रिकांत जे लेख माझ्या नावाने छापून आले, त्यांतली प्रत्येक काच तुझ्या हातची होती. तळटीपेत मी तुझे आभार मानायचो. तुझं आडनाव एकदा चुकीचं छापलं गेलं, तेव्हा तूच हसून म्हणालास, "चालतंय की सर, वायूला काय, नाव ठाऊक नसतं."

आणि तुझी ती सवय. नवी काच झाली की पहिलं मोजमाप घेण्याआधी तू ती गच्चीवर न्यायचास. पहाट सरताना, गिरण्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, छोट्या शेगडीवर तापत ठेवायचास. "हवा खाऊ द्या की तिला. मग शून्य करू." आपल्या यंत्रात सगळं मोजमाप फरकाचं. आधीच्या हवेपेक्षा आता किती बदल, एवढंच ते सांगतं. त्या आधीच्या हवेला आपण शून्य म्हणायचो. मी विद्यार्थ्यांसमोर तुझी चेष्टा करायचो की अंबादास काचेला सूर्यनमस्कार घालायला नेतो. प्रयोगशाळेतली हवा काय वाईट आहे, यावर आपण किती वेळा भांडलो. तू म्हणायचास, "खिडकी पूर्वेला हाय सर. तिकडं सगळे डाईंगवाले." मी म्हणायचो, मला तर काही वास येत नाही. ते भांडण तसंच राहिलं. त्यात तुझं बरोबर होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तुझं घर त्याच पूर्व भागात, सूत रंगवणाऱ्या डाईंग कारखान्यांच्या नाल्याला लागून. सकाळी तू दारातून आत आलास की यंत्राच्या कागदावरची रेघ वर सरकायची. तुझ्या कपड्यांना, केसांना जे काही चिकटलेलं असेल ते काचेला कळायचं. पोरं रेघ बघून म्हणायची, "अंबादासमामा आले," आणि खरोखरच तू दारात असायचास. मग मी तुला मोजमाप संपेपर्यंत बाहेर उभा करायचो. तू व्हरांड्यात उभा, माझ्याच काचा तुझी चाहूल सांगतायत आणि मी तुला आत घेत नाही. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

पुढे तुझी बदली झाल्यावर, एका सकाळी, खोलीत मी एकटा असताना रेघ तशीच वर सरकली. तीच चढण, तेवढीच. मी न बघताच म्हणालो, "थांब रे बाहेर." मग भानावर आलो आणि दार उघडलं. व्हरांडा शेवटपर्यंत रिकामा होता. वारा पूर्वेचा असणार. मी दार लावलं, पण त्या दिवशी पुढची मोजमापं घेतली नाहीत.

आता तो दिवस.

तुझे थोरले भाऊ, राजेशमअण्णा, ज्या डाईंगमध्ये होते तिथल्या सांडपाण्याच्या झाकलेल्या हौदावर आपली पेटी बसवायची ठरली, आत काच, बाहेर काटा, दिवा आणि भोंगा. काळ्या रंगाचं पाणी, त्यात गंधक. चुकून आम्लाचं पाणी मिसळलं की तोच वायू सुटणार. गाळ काढायला माणसं आत उतरायची. त्याआधी ती एक जुनी चांदीची जोडवी दोऱ्याला बांधून हौदात सोडायची आणि थोडा वेळ थांबायची. जोडवी काळी पडली तर त्या दिवशी उतरायचं नाही. ती जोडवी वदिनांची होती. तुमच्या तेलुगूत मोठ्या भावाच्या बायकोला वदिना म्हणतात, तुझ्यामुळे मीही तसंच म्हणायला लागलो. मी ती जोडवी पाहिली आणि खूश होऊन म्हणालो की हेही आपलंच तत्त्व आहे, फक्त अडाणी. तू म्हणालास, "अडाणी कशाला सर, चाललंय की त्याचं नीट."

पेटी दोन दिवस तिथे भिंतीवर लटकून होती, चालू. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रकल्पाला पैसे देणारी समिती बाहेरून येणार होती. माझ्या प्रकल्पाचं पुढचं पान त्यांच्या हातात होतं. सकाळी आपण गेलो तेव्हा काटा वर चढून बसला होता. तू म्हणालास, "पेटी गच्चीवर नेतो सर. रातभर तापवतो. उद्या सकाळी शून्य करून आणतो."

"पाहुणे आज येतायत."

"मग त्यांना चहा पाजा की. उद्या दाखवू."

"इथल्याच हवेत शून्य करू, अंबादास."

"ही हवा शून्याची न्हाई सर."

"तुझं नाक आणि माझा मीटर. कुणाचं ऐकायचं?"

"नाकाचं ऐका की!"

डाईंगमधली माणसं हसली. मला त्यांचं हसणं लागलं, हे खरं. तुझ्या शर्टाच्या खिशातला बारीक पेचकस मी ओढून घेतला आणि शून्याचा स्क्रू फिरवला. मी. माझ्या या उजव्या हाताने. काटा खाली आला, हिरवा दिवा लागला. मग वही तुझ्यापुढे धरली, कारण सही यंत्र बसवणाऱ्याने करायची असा आपलाच नियम होता. "शून्य केले" या शब्दांखाली तू सही केलीस. करताना माझ्याकडे पाहिलंस. मी घड्याळाकडे पाहिलं.

दोन दिवस त्या हवेत राहून काचेवरचे ठिपके आधीच बदलले होते. बिघडलेल्या हवेला मी शून्य ठरवलं होतं आणि काचेची उरलेली ताकद थोडीच होती. समितीसमोर मी बाटलीतला वायू अगदी काचेजवळ सोडला तेव्हा भोंगा वाजला, पण नेहमीपेक्षा उशिरा. टाळ्या वाजल्या. तो उशीर तिथे फक्त आपल्या दोघांना कळला.

अण्णांनी त्या आठवड्यात जोडवी दोऱ्यातून सोडवली आणि वदिनांना परत नेऊन दिली. "आता अंबादासनं यंत्र लावलंय की," असं म्हणाले. हे मला तूच सांगितलंस, फार नंतर, एका वाक्यात.

मग काही दिवसांनी गाळ काढायचा होता, दुपारची वेळ होती. दिवा हिरवा बघून अण्णा उतरले. ते वर येईनात म्हणून डाईंगमधून पोरगा धावत तुझ्याकडे आला. सुट्टी असल्याने तू घरी होतास. तोंडाला ओला पंचा बांधून तू खाली गेलास. त्याबद्दल तू माझ्याशी एकदाच बोललास. "पयल्यांदा लई वास होता सर. मग एकदम गेला. मला वाटलं, हवा सुटली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, डोळे उघडे. म्हटलं, उठा की. वर बघितलं तर उजेडाचा चौकोन आणि त्याच्या कडेला तो दिवा. हिरवा. माझ्याकडं बघत होता." तुला बाकीच्यांनी दोरीने ओढून काढलं. तू वाचलास, पण त्या दिवसानंतर तुला कसलाच वास आला नाही. फोडणीचा नाही, रंगाचा नाही, पावसाचा नाही. छातीही तेव्हाच गेली. ती तुला शेवटी घेऊन गेली.

तू दवाखान्यातून कामावर परतलास तेव्हा, चौकशीच्या आधी, मी काचेचा एक कोपरा हिऱ्याच्या पेन्सिलने कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पाठवला. तुकडा बसवून तूच दिलास. महिन्याने फोटो आला. चांगल्या काचेचा फोटो भरलेल्या कणसासारखा दिसायचा, दाण्याला दाणा लागून. मी मंगळवेढ्याचा, मला कायम जोंधळाच आठवायचा. या फोटोत मला काणी पडलेलं कणीस दिसलं. बाहेरून आकार तसाच, दाणे फुगून फुटलेले, आत नुसती काळी भुकटी. ज्वारीवर ती दिसली की माझे वडील कणीस खुडून पोत्यात भरायचे आणि शेताबाहेर नेऊन जाळायचे. एका दुपारच्या वायूने काच अशी होत नाही. ती आधीपासून हळूहळू भरत आली होती, आणि तशा काचेचं शून्य मी केलं होतं. फोटो मी पाकिटात घातला, पाकीट पिशवीत, पिशवी घरच्या कपाटात.

चौकशीत विचारलं गेलं, शून्य कुणी केलं? मी खोटं बोललो नाही. स्वतःला मी इतकी वर्षं हेच सांगत आलो. मी फक्त वही पुढे सरकवली. तू समोर बसला होतास, तोंडातून शिट्टीसारखा श्वास येत होता. त्यांनी विचारलं, सही तुमची? तू म्हणालास, "व्हय, माझीच हाय." त्यानंतर तुला आवक-जावक विभागात बसवलं. फवारा धरणाऱ्या त्या हातांनी तू पाकिटांवर शिक्के मारलेस. मी सन्मानाने निवृत्त झालो. निरोप समारंभात हार घालायला तुलाच बोलावलं होतं.

आणि तरीही तू येत राहिलास. दर शनिवारी. कधी मिक्सर दुरुस्त करायला, कधी पंख्याचं बेअरिंग बघायला, कधी नुसताच. माझी बायको आजारी असताना रिक्षा तूच आणायचास. तिला तुझ्या हातचा चहा आवडायचा, आणि तुला तर त्याचा वाससुद्धा येत नव्हता. एकदा, चहा पिता पिता, तू विचारलंस, "सर, त्या काचंचा फोटो आला होता का हो?"

मी म्हणालो, "नीट आला नाही रे."

तू "बरं" म्हणालास. बशीतला चहा संपवलास. मग पंख्याकडे बघून म्हणालास, "आता आवाज करत न्हाई बघा."

तुला माहीत होतं का, अंबादास? तुकडा तूच बसवला होतास. तुझी नजर झाकेवरून थर ओळखायची. फुगलेली काच तुला फोटोशिवायही कळली असणार. मग का बोलला नाहीस? माझी लाज राखलीस, की मी कधी बोलतो याची वाट बघत होतास? शनिवार तर कितीतरी होते.

तुझ्या दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी पेटी गच्चीवर नेली. तुझ्यासारखी शेगडी माझ्याकडे नव्हती, पेटीतल्या तारेवरच काच तापत ठेवली. दोन रात्री उघड्यावर राहू दिली. पहाटे स्क्रू फिरवून नीट शून्य केलं, तुझ्या रीतीने. मला वाटत होतं ती मेली असेल. पेटी खाली आणली, दिवाणखान्यात ठेवली. काटा शांत. हातात घेऊन आतल्या खोलीत निघालो तशी काटा हलला. थांबलो, तो थांबला. कपाटाकडे एक पाऊल टाकलं, तो चढला. कपाटाचं दार उघडलं आणि भोंगा वाजायला लागला. तो आवाज मी त्या समितीनंतर ऐकला नव्हता. सून धावत आली.

"बाबा, काय झालं? गॅस सुटलाय का?"

"तुला काही वास येतोय?"

"न्हाई की."

त्या पिशवीत, फोटोच्या पाकिटाला गुंडाळलेली, प्रयोगशाळेतली जुनी रबरी नळी होती. रबरात गंधक असतं. बंद पिशवीत कुजत कुजत ते वायू सोडत राहतं. मी शिकवलेलं आहे हे. नळी मी बाहेर फेकून आलो. भोंगा वाजतच होता. काच सावकाश मूळपदावर येते, हेही मी शिकवलेलं आहे. पण मी पाकीट हातात धरून खोलीच्या मध्ये उभा होतो आणि माझ्याच घरात, भर सकाळी, तो आवाज थांबत नव्हता. सूनबाई वायर ओढायला गेली. मी म्हणालो, "राहू दे." तो आपोआप थांबला तेव्हा मी चपला घातल्या.

विद्यापीठाला पत्र दुसऱ्या दिवशी टाकलं. आधी वदिनांकडे गेलो.

वदिना सुपात पानं घेऊन विड्या वळत होत्या. "बसा सर. कसं काय आलाव?" मी सगळं सांगितलं. चौकशीनंतर माझ्याकडेच राहिलेली वही दाखवली, फोटो दाखवला. फोटोकडे त्यांनी बघितलं नाही. हात चालूच होते.

"स्क्रू कुणी फिरवला?"

"मी."

"सही?"

"त्याची. मी करायला लावली."

"आणि हे तुमाला कळलं कवा?"

"फोटो आला तेव्हा. अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते."

त्यांनी हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, मग सूप बाजूला सारलं. "दर दिवाळीला डबा घेऊन यायचा तो. मी दार लावून घ्यायची. उंबऱ्यावर ठेवून जायचा. पोरांना हात लावू दिला न्हाई मी, नाल्यात टाकायची. आजारी हाय म्हणून निरोप आला तरी गेली न्हाई. आता मेला तरी गेली न्हाई." आवाज चढला नव्हता. "ह्या गल्लीत एक घर असं न्हाई सर, जिथं मी सांगितलं न्हाई, भावानं भावाला मारलं म्हणून. उठा."

"कुठे?"

"जिथं जिथं मी सांगितलं तिथं. तुमच्या तोंडानं सांगा."

त्या पुढे, मी मागे. पहिल्या दारात एक म्हातारी, तिला कमी ऐकू येत होतं. मला ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या मागावरची माणसं माग थांबवून बाहेर आली. वदिनांनी तेलुगूत पुन्हा सांगितलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघेना, माझ्या पायांकडे बघत राहिली. दुसऱ्या दारात एकजण म्हणाला, "लई लवकर आलाव सर." कुणी हसलं नाही. तिसऱ्या, चौथ्या दारात मला शब्द शोधावे लागले नाहीत. प्रत्येक दारात मी आधी तुझं नाव घेत होतो, मग माझं.

गल्ली संपली, नाला ओलांडला. तुझं घर आलं. वदिना थांबल्या. इतक्या वर्षांत त्या या बाजूला आल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या पायांवरून कळलं. त्यांनी कडी वाजवली. सरोजाने दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. वदिना तेलुगूत काहीतरी बोलल्या, दोनच शब्द, मला कळले नाहीत. सरोजा दारातून बाजूला झाली. वदिनांनी चपला काढल्या आणि आत गेल्या.

मला कुणी बोलावलं नाही. मी बाहेर उभा राहिलो, ऊन होतं. आतून रडण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. मग सरोजाचा आवाज आला.

"सर, आत या. पयल्यापासून सांगा."